परदेशात राहून साताऱ्यातल्या घरासाठी नवी गाडी घेताना

बाहेरच्या देशात नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा जरा जम बसला की त्यांच्या मनात पहिली मोठी खरेदी येते ती बहुधा आई-वडिलांसाठी गाडी. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. भावाची, नणंदेची, शेजारपाजारची कितीतरी मुलं आज मेलबर्न, टोरांटो, दुबई, म्युनिकला आहेत. गाडीचा विषय निघाला की, "आत्या, जरा शोरूमला जाऊन बघशील का?" म्हणून फोन येतो. अशा घरांबरोबर फिरून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पैशांची जुळणी, भावाची घासाघीस, कागदपत्रं, माहिती काढणं हे सगळं परदेशातून उत्तम होतं. गाडी निवडायचं काम मात्र साताऱ्यातच व्हायला हवं, आणि जे त्या गाडीत रोज बसणार त्यांनीच ते करायला हवं. ज्यांना घरच्यांसाठी पहिल्यांदाच गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते.

पहिलं काम: गाडी कुठं कुठं जाणार?

व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला कुठली गाडी आवडते?" असं विचारू नका. आई म्हणणार, "तुला बरी वाटेल ती घे." वडील म्हणणार, "कशाला उगाच एवढा खर्च?" त्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठं कुठं गेलात, कसे गेलात, कुठं जायचं राहून गेलं ते विचारा. मग खरी उत्तरं येतात. राजवाड्याजवळची मंडई, पोवई नाक्याकडचा दवाखाना, महिन्यातून एकदा गावाकडच्या शेतावर चक्कर, कऱ्हाडला किंवा सांगलीला लग्न, डोळे दाखवायला पुणे. आणि राहून गेलेलं बहुतेक घरांत एकच असतं: सज्जनगड, नाहीतर फुलं आली असताना कास.

या उत्तरांतच अर्धी गाडी ठरते. रोजचा वापर पाच-सात किलोमीटरचा, माणसं दोन. चढ-उतार भरपूर, कारण सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं आणि माची पेठेकडे किंवा समर्थ मंदिराकडे वळलं की चढ लागतोच. पावसाळ्याचे चार महिने ओले रस्ते आणि धुकं. वर्षातून चार-सहा वेळा हायवेने पुणे, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. सात सीटची मोठी गाडी "आम्ही सुट्टीला आलो की उपयोगी पडेल" म्हणून घेतली, तर उरलेले अकरा महिने ती मागंपुढं घेताना वडिलांचाच जीव मेटाकुटीला येतो. सुट्टीच्या त्या तीन आठवड्यांसाठी मोठी गाडी भाड्याने मिळते.

त्याच कॉलवर आणखी एक काम सांगा: मोजपट्टी घेऊन गेटची रुंदी आणि बोळातली सगळ्यात अरुंद जागा मोजायची. यादोगोपाळ, शनिवार, चिमणपुरा या जुन्या पेठांमध्ये हे न करता गाडी बुक करूच नये. कंपनी जी रुंदी छापते तिच्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. वॅगन आरची रुंदी १६२० मिलिमीटर, टाटा पंचची १७४२. बारा सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण बोळात दोन्ही बाजूंना भिंत असते तेव्हा दार उघडून उतरायला एवढीच जागा कमी पडते. गेटसमोर उतार केला असेल तर त्याचाही फोटो मागवा. खालून घासणाऱ्या गाड्यांची सुरुवात घराच्या उतारापासूनच होते.

दुसरं काम: बजेट रुपयांत आणि ऑन-रोड

डॉलरने किंवा युरोने भागून बघितलं की सगळंच स्वस्त दिसतं. पण विमा, सर्व्हिसिंग, टायर, पेट्रोल हा दरवर्षीचा खर्च वडिलांच्या पेन्शनमधून जाणार असेल तर गाडी त्या पेन्शनला झेपायला हवी. आपल्याकडची वडीलधारी माणसं पेट्रोलसाठी मुलाकडे पैसे मागत नाहीत, ती गाडी कमी काढतात. घेऊन दिलेली गाडी दारात उभी राहायची नसेल तर वर्षाच्या खर्चाचं आधीच बोलून घ्या. माझं स्पष्ट मत असं की गाडी एक पायरी खालची घ्यावी आणि वाचलेल्या पैशातून दरवर्षीचा विमा आणि सर्व्हिस आपण भरावी.

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीची. ते सगळं धरून होते ती ऑन-रोड. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो. डिझेलला हाच दर दहा लाखांपर्यंत १३ टक्के आहे आणि सीएनजीला दोन्हींपेक्षा कमी. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८८ हजार नुसता टॅक्स, वर विमा, नंबर प्लेट, फास्टॅग. हातात पडेपर्यंत सव्वानऊ ते साडेनऊ लाख धरून चाला.

जीएसटीचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला हेही लक्षात ठेवा, कारण त्याआधीचे भाव अजून इंटरनेटवर जागोजागी दिसतात. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला आता १८ टक्के जीएसटी आहे. या मापांच्या बाहेर गेलात की सरळ ४० टक्के. परवडणारी गाडी शोधणाऱ्याने चार मीटरच्या आतच शोधावं याला हे एक कारण, साताऱ्यातलं पार्किंग हे दुसरं.

तिसरं काम: इंधन आणि गिअर

इथं मला जास्त घोळ घालावासा वाटत नाही. आई-वडिलांच्या वापराला बहुतेक वेळा पेट्रोलच बरं.

सीएनजीचा हिशोब करून बघा. वर्षाला ५,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १८ धरलं तर खर्च सुमारे २९ हजार. सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज २५ धरलं तर १८ हजार. वर्षाला अकरा हजार वाचतात. सीएनजी मॉडेलला ९० हजार जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. घरचा कोणी रोज साताऱ्याहून कऱ्हाडला नोकरीला जात असेल आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होत असतील, तर तेच पैसे तीन वर्षांच्या आत निघतात, मग जरूर घ्या. पण सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, डिकी कमी होते, चढाला ताकद जराशी कमी पडते आणि पंपावरच्या रांगेत वडिलांना उभं राहावं लागतं, हे सगळं धरून ठरवा.

डिझेल नकोच. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेच्या वेगाने बराच वेळ पळावी लागते. घर ते मंडई एवढ्यावर ती तुंबते.

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे आणि स्वतःचं अंगण असलेल्या बंगल्याला ती खरंच सोयीची. १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात चार्जिंग होतं, घाट उतरताना थोडी बॅटरी परत भरते. पेठेतल्या वाड्यात गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल तर मात्र हा विचार सोडून द्या.

गिअरच्या बाबतीत माझं मन ऑटोमॅटिककडे झुकतं, वडिलांची साठी उलटली असेल तर जास्तच. मोती चौकातल्या गर्दीत सतत क्लच दाबून डावा गुडघा दुखायला लागतो आणि तो आधीच दुखरा असतो. स्वस्त गाड्यांत मिळतो तो एएमटी प्रकार. त्यात मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवलेला असतो, म्हणून गिअर बदलताना हलकासा झोका जाणवतो. त्याची सवय होते. एक अट मात्र सोडू नका: चढावर थांबून निघताना गाडी मागं येऊ न देणारी हिल होल्डची सोय त्या मॉडेलमध्ये हवीच. वडिलांचा हात चाळीस वर्षं मॅन्युअलवर बसलेला असेल आणि त्यांना ऑटोमॅटिकची धास्ती वाटत असेल, तर त्यांच्या मनाविरुद्ध जाऊ नका. त्यांना एकदा चालवून बघू द्या, मग तेच सांगतील.

चौथं काम: आईला बसवून बघा

माझ्या लेखी हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना त्यांच्या मुलाने मोठ्या हौसेने उंच, ऐटदार गाडी पाठवली. व्हिडिओ बघून निवडलेली, रंगसुद्धा त्यानेच ठरवलेला. काकू उंचीला पाच फूट, गुडघे दुखतात, नेसतात नेहमी साडीच. त्या गाडीत बसताना आधी एक पाय वर उचलून उंबऱ्यासारख्या जाड कडेपलीकडे टाकावा लागतो, मग हाताने दार धरून अंग वर ओढायचं, आणि तेवढ्यात साडीची किनार दाराच्या कडेला पुसली जाते. पावसात ती कड चिखलाने माखलेली असते. काकूंनी मुलाला कधी काही सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. दवाखान्यात जाताना त्या आजही रिक्षा बोलावतात.

म्हणून शोरूमला आई गेलीच पाहिजे, आणि घरी नेसते त्याच साडीत, रोजच्याच चपलेवर. तिला मागच्या सीटवर बसायला सांगा. पाठ सीटकडे करून आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे, हे गुडघेदुखीच्या माणसाला सोपं पडतं. त्यासाठी सीट तिच्या बसायच्या उंचीइतकीच हवी. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो, फार वर असेल तर चढावं लागतं. लागोपाठ तीन-चार वेळा चढ-उतार करायला सांगा, कारण पहिल्या वेळी सगळेच कौतुकाने पटकन बसतात. तिसऱ्या वेळी हात कुठं आधार शोधतो ते बघा. वर धरायला हँडल आहे का? दार किती उघडतं? टाटा पंचची दारं ९० अंशांत उघडतात, अशा गोष्टीचा वयस्कर माणसाला फार उपयोग होतो. मग पट्टा लावायला सांगा. मागच्या सीटचं बकल कित्येक गाड्यांत सीटच्या फटीत रुतलेलं असतं आणि थरथरत्या बोटांना ते सापडत नाही. न सापडलेला पट्टा लावला जात नाही.

वडिलांचं बघायचं ते वेगळं. सीट वर-खाली होते का, बॉनेटचं टोक दिसतं का, चष्म्यातून स्पीडोमीटर वाचता येतो का. एसी आणि काच पुसायचं वायपर यांना साधी बटणं आहेत का, की सगळं स्क्रीनवर? धुक्यात यवतेश्वरचा घाट उतरताना काचेवरची वाफ घालवायचं बटण बोटाला न बघता सापडायला हवं. सनरूफसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. त्या पैशात मागचा कॅमेरा, मागच्या काचेचा वायपर आणि तिच्यावरची वाफ घालवणारा डिफॉगर घ्या.

हे चालू असताना चुलतभावाला किंवा मामांना व्हिडिओ काढायला सांगा, तुम्हाला बघता येईल. कॉलवर राहून सूचना मात्र देऊ नका. तुम्ही लाइनवर असलात की आई "छान आहे, छान आहे" एवढंच म्हणते.

पाचवं काम: अपघात चाचणीचे तारे

भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अर्धवट समोरून आदळवतात, बाजूने ५० च्या वेगाने धडक देतात, आणि जास्त ताऱ्यांसाठी खांबावर बाजूने आदळवण्याची चाचणीही असते. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि लहान मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे २७ आणि ४१ लागतात. नातवंडं सुट्टीला येणार असतील तर मुलांचे गुण वेगळे काढून बघा. चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून सगळ्या गाड्यांचे निकाल मिळत नाहीत. ज्याचा निकाल आहे त्या गाडीला मी आधी पसंती देते.

बसायची सोय आणि सुरक्षा यांची इथं कधीकधी ओढाताण होते. वॅगन आर १६७५ मिलिमीटर उंच, आत-बाहेर करायला अतिशय सोपी, वळायलाही सुटसुटीत. पण २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या अशाच चाचण्या घेणाऱ्या परदेशी संस्थेने तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा दिला होता. तेव्हा तिच्यात दोनच एअरबॅग होत्या, पुढे २०२५ मध्ये त्या सहा झाल्या. उलट २०२४ च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत, पण ती सेदान, बसायला खाली. पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले होते आणि बसायची उंचीही मधली. ज्या घरातून वर्षातून चार वेळा तरी पुण्याचा हायवे धरायचा आहे तिथं मी ताऱ्यांना जास्त वजन देईन आणि त्यांतून आईला जमेल ती उंची शोधेन. ज्यांची गाडी गावाबाहेर जाणारच नाही, त्यांनी उलटा क्रम लावला तरी माझी हरकत नाही. आणि मागे बसणाऱ्यांनीसुद्धा पट्टा लावायचा. तो कायदाही आहे, आणि पट्टा न लावलेल्या माणसाला एअरबॅग पुरेशी वाचवत नाही.

सहावं काम: चालवून बघणं

शोरूमवाले बहुतेकदा हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक गुळगुळीत चक्कर मारून आणतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. गाडी घरी मागवा, ते देतात. घरातले चौघं बसवा, एसी लावा आणि राजपथाने समर्थ मंदिरापर्यंत जाऊन यवतेश्वर घाटाची चार-पाच वळणं चढा. सुरक्षित जागा बघून चढावर पूर्ण थांबा आणि पुन्हा निघा. एवढ्याने इंजिनाची ताकद, हिल होल्ड, गिअर सगळं कळतं. परत येताना एखाद्या मोठ्या गतिरोधकावरून भरल्या गाडीने हळू जा आणि खालून आवाज येतो का ऐका. कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, मोकळ्या गाडीचा असतो. शेवटी ती गाडी वडिलांनाच आपल्या गेटमधून आत घेऊ द्या आणि बाहेर काढू द्या.

सातवं काम: गाडी कोणाच्या नावावर?

वडिलांच्या किंवा आईच्या. तुमच्या नावावर घेतली तर पत्त्याच्या पुराव्यापासून सह्यांपर्यंत अडचणी येतात. तुम्ही तिकडे असताना मुखत्यारपत्र करायचं तर ते भारतीय दूतावासातून साक्षांकित करून इकडे पाठवावं लागतं, वर इथं त्यावर मुद्रांक शुल्काचे सोपस्कार. पुढे गाडी विकताना पुन्हा तेच. वडिलांच्या नावावर असली की आणखी एक फायदा: त्यांची जुनी गाडी विकली असेल आणि तिच्यावर विम्याचा क्लेम घेतलेला नसेल, तर नो क्लेम बोनस त्यांच्याच नावावरच्या नव्या गाडीला लागतो. तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असतो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र आधी मागून ठेवा, शोरूमवाला आपणहून विचारेलच असं नाही.

नोंदणी करतानाच वारस म्हणून नामनिर्देशन करता येतं. २०२१ पासून ही सोय आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. तो रकाना रिकामा सोडू नका. पुढे गाडी नावावर करून घ्यायला आईला हेलपाटे पडत नाहीत.

पैसे पाठवायचे ते बँकेतून थेट वडिलांच्या खात्यात. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या भेटीवर त्यांना आयकर लागत नाही. "ही रक्कम भेट म्हणून दिली" असं दोन ओळींचं सही केलेलं पत्र त्यांच्या फाइलला ठेवा. वडिलांच्या खात्यातून शोरूमच्या कंपनीच्या खात्यात. विक्रेत्या मुलाच्या फोनवर बुकिंगचे पैसेसुद्धा पाठवायचे नाहीत, तो कितीही ओळखीचा असला तरी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही. गाडी दहा लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वर घेतला जातो, तो वडिलांच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो. कर्ज काढायचं असेल तर निवृत्त माणसाच्या वयाची मर्यादा आड येते, तेव्हा बँक तुम्हाला सहकर्जदार म्हणून घेईल का ते आधी विचारा.

आठवं काम: कोटेशन आणि विमा

हे पूर्णपणे तुमचं काम. साताऱ्यातलं एक, कऱ्हाड किंवा सांगलीतलं एक आणि पुण्यातलं एक, अशी तीन लेखी कोटेशनं ईमेलवर मागवा, प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली. एक्स-शोरूम आणि रोड टॅक्स सगळीकडे सारखाच निघेल. फरक दिसतो तो सवलत, विमा, ॲक्सेसरीज आणि हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स अशा नावाच्या आकारात. नोंदणीचं खरं सरकारी शुल्क कर्ज नसेल तर हजाराच्या आत असतं, त्यामुळे "आरटीओ व इतर" अशी मोठी मोघम रक्कम दिसली की फोड मागा. हँडलिंगचे पैसे भरणार नाही हे नम्रपणे, पण ठाम सांगा. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर बाहेर निम्म्या किमतीत होतात. पुण्यात पंधरा हजार स्वस्त मिळते म्हणून तिकडून आणायची का? माझ्या मते नाही. वडिलांना काही अडलं तर त्यांनी हक्काने ज्याच्या दारात जायचं, तो माणूस साताऱ्यातला असावा.

विमा शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती करता येत नाही. तृतीय पक्षाचा विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला, सगळीकडे सारखा. भाव पडतो तो उरलेल्या भागात. तुम्ही ऑनलाइन काढलेली किंमत विक्रेत्याला दाखवा, बहुतेकदा तो तेवढ्यावर येतो. झिरो डेप्रिसिएशन घ्या, म्हणजे क्लेमच्या वेळी बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा कापत नाहीत. इंजिन प्रोटेक्टही घ्या, कारण साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत जे झालं ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. सांगली-मिरजेकडे गाडी राहणार असेल तर हा पर्याय सोडूच नये.

नववं काम: ताब्यात घेण्याआधी

दसरा, पाडवा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये एका दिवसात इतक्या गाड्या जातात की धड तपासणी होत नाही. मुहूर्त जरूर साधा, कंदी पेढे वाटा, पण गाडी दोन-तीन दिवस आधी, विमा आणि नोंदणी व्हायच्या आत यार्डात जाऊन बघून घ्या. एकदा नंबर पडला की बदलून मागणं अवघड होतं.

भर दिवसा, उन्हात बघायची. चॅसी नंबर कागदावर आहे तोच आहे ना, आणि कंपनीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २२ वर, उत्पादनाचा महिना-वर्ष काय आहे. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षाची असेल तर तशी घसघशीत सूट मिळायला हवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३०२५ म्हणजे २०२५ चा तिसावा आठवडा. पाचही टायर बघा. किलोमीटर जास्त पळालेले नाहीत ना, बाजूने तिरकं बघितल्यावर रंगात लाटा दिसतात का, दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना. भाच्याला किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बरोबर न्या आणि त्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. व्हिडिओ कॉलवर तुम्ही इथं मात्र जरूर असा, आणि हवे तेवढे प्रश्न विचारा.

नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी घरी आणायची नाही. नव्या खासगी गाडीची नोंदणी विक्रेताच ऑनलाइन करतो, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. साताऱ्याला एमएच-११, कऱ्हाडला एमएच-५०, सांगलीला एमएच-१०. नोंदणीत मोबाइल नंबर वडिलांचा द्या. दंडाचे आणि विम्याचे निरोप त्यावर येतात, तुमच्या परदेशी नंबरचा तिथं उपयोग नाही.

घरी आल्यावर

कागद डिजिलॉकरमध्ये उतरवून वडिलांना दोनदा उघडून दाखवायला सांगा. पीयूसी पहिलं वर्षभर लागत नाही. पुण्याला किंवा कऱ्हाडला वरचेवर जाणं असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या असा होता, आणि आनेवाडी, तासवडे हे नाके राष्ट्रीय महामार्गावरच आहेत. पहिल्या सर्व्हिसची तारीख तुमच्या फोनमध्ये लावा.

वडिलांच्या लायसन्सची मुदत तपासा. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. तुमचंही बघा. सुट्टीला आल्यावर चावी तुमच्याच हातात येणार, आणि तिकडच्या परवान्यावर इथं चालवायचं तर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा लागतो. भारतातलं लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा तिकिटं काढतानाच ती तारीख बघून घ्या.